कात्रीने उघडलेला कॅमेरा

आमची अक्का शिवणकाम करायची. कुठलीही वस्तू उसवून आतून बघितल्याशिवाय तिच्या जिवाला चैन नसे. घड्याळ बंद पडलं, उसव. रेडिओ खरखरला, उसव. मेहुणे म्हणत, मी अजून एकसंध आहे हेच नवल.

एका उन्हाळ्यात ती सासूबाईंना घेऊन समुद्रावर गेली. म्हातारीचे गुडघे कुरकुरायला लागले होते, पुन्हा असा प्रवास होणार नव्हता. घरात तिचा एकही फोटो नव्हता; तेवढा आणायचाच, असं ठरवून अक्का निघाली. फोटोवाल्याने एकदाच वापरायचा पुठ्ठ्याचा कॅमेरा दिला आणि बजावलं, की ऊन कायम पाठीशी घ्या, फार जवळ जाऊ नका आणि भिंगावर बोट येऊ देऊ नका. अक्काने ते वडीलधाऱ्याच्या शब्दासारखं पाळलं.

परत आली ती हरखून. शेवटचे काही फोटो तिने मुद्दाम राखले होते, घरी सासूबाईंच्या शेजारी बसून कुणाकडून तरी काढून घ्यायला. पण धीर कुठला! म्हातारी कशी आली ते बघायला तिने खिडकीपाशी बसून कॅमेऱ्याची शिवण शोधली आणि कात्री घातली. चकचकीत पट्टी बाहेर आली, तिच्यावर काहीच नव्हतं. तेव्हा कुठे आठवलं, की रोल अंधारात धुतात.

सगळं काळ्या अस्तरात गुंडाळून ती दुकानात पोचली. मागोमाग मीही; अशी प्रकरणं मला चुकवता येत नाहीत. अक्का खालमानेनं म्हणाली, "सासूबाईंना उसवून टाकलं हो मी."

फोटोवाला हसला नाही. त्याने समजावलं, की या कॅमेऱ्यात रोल आधीच डबीबाहेर असतो, फोटो काढत जावा तसा तो डबीत शिरतो. "काढलेले सुखरूप आहेत, ताई. न काढलेले तेवढे गेले."

न काढलेले म्हणजे अक्काचे स्वतःचेच. तिला त्याचं काही नव्हतं. म्हातारी आहे ना, एवढंच तिने तीनतीनदा विचारून घेतलं.

म्हातारी होती. चपला हातात धरलेली, लाटेवर रागावलेली, एकात तर उन्हाने डोळे बारीक करून बोळकं उघडून हसणारी. सासूबाईंनी फोटो उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "यात तू कुठेच कशी नाहीस गं?"

मी काढत होते ना, अक्का म्हणाली.

म्हातारीने चष्मा पुसला आणि हसरा फोटो पुन्हा उचलला. ऊन अक्काच्या पाठीशी होतं. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली तिची लांबच लांब सावली वाळूवरून थेट म्हातारीच्या पावलांपर्यंत आली होती.

"ही काय," सासूबाई म्हणाल्या, "माझ्याजवळच तर आहेस."

तोच फोटो चौकट करून भिंतीवर लागला. ती चौकट अक्काने आजवर उघडून पाहिलेली नाही.