येळवशीची वेगळी भज्जी

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या दुष्काळातली गोष्ट. निलंग्याजवळच्या आमच्या रानात विहिरीचा तळ दिसत होता, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. तरी येळवस टळली नाही. वेळा अमावास्येला खोपटासारखी कडब्याची कोप उभारून पांडव पुजले आणि तिथेच रानात पंगत बसली. सासरची ही माझी पहिली येळवस.

मला शेंगदाणा चालत नाही. अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो. लग्न झाल्या झाल्या मी हे नवऱ्याला सांगितलं होतं. घरच्यांना तो नखरा वाटायचा. येळवशीच्या डाळी-भाज्यांच्या भज्जीत शेंगदाणे हवेतच, म्हणून मोठ्या जाऊबाईंनी माझी भज्जी वेगळी शिजवली होती. नवऱ्याने स्वतः वाढली. "बिनघोर खा, तुझी येगळी हाय," म्हणाला. एरवी मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

चार घास गेले आणि कान तापले. पापण्या सुजल्या, आवाज बसला. "पित्त उठलंय, घाम आला की उतरंल," म्हणत सासूबाईंनी मला घोंगड्यात गुंडाळलं. धाप लागली तेव्हा कुठे शेजारच्यांची जीप आणली. लातूरला इंजेक्शन मिळालं आणि जीव वाचला.

डॉक्टरांनी समजावलं. कातडीखाली मास्ट पेशी असतात, हिस्टामिनसारख्या रसायनांच्या पुड्या घेऊन बसलेल्या. साध्या पदार्थाला वैरी समजून त्या पुड्या रित्या करतात आणि आपलंच अंग सुजतं. पुढे कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना आणखी वाचलं. काही पुड्यांचं तोंड जरासं उघडतं नि मिटतं. सांडलेल्यातलं थोडं पेशी परत आत ओढते आणि पुन्हा भरून जागेवर बसते. फळ्यावर हे काढताना मला दरवेळी संताप यायचा.

कारण दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मोठ्या जाऊबाई रडत म्हणाल्या होत्या, "भावजींनीच कूट घालायला लावलं. खरंच हुतंय का नाटक हाय, बघायचं हुतं त्यास्नी."

मी नवऱ्याकडे पाहिलं.

"एवढं हुईल असं कुठं वाटलं? आता झालं गेलं सोड की."

पेशीला बिचारीला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती सांडलेलं थोडं मागे घेते. त्याला मी सांगितलं होतं, आपला माणूस म्हणून. पुढे संसार झाला, मुलं झाली, तो तसा वाईटही वागला नाही. पण आजही तो वाढायला पुढे आला की माझा हात ताटावर आडवा जातो.