चांदूर बाजार ते अमरावती: वैशालीचा कागदी रस्ता

अकोल्यात शिल्पपुस्तकांचं प्रदर्शन होतं. शिल्पपुस्तकं म्हणजे कागद कापून, दुमडून हाताने केलेली, उघडली की उभी राहणारी पुस्तकं. त्यात एक माझं असणार होतं, एक माझी मैत्रीण वैशाली हिचं. ती अमरावतीला चित्रकला शिकवते. "आधी माझ्या गावी, चांदूर बाजारला जाऊ. बाबांना दाखवल्याशिवाय मी ते मांडणार नाही," म्हणाली, म्हणून नाशिकहून दोन दिवस आधीच निघाले.

रेल्वेने येणार असाल तर बडनेऱ्याला उतरा, पुढे ऑटो मिळतात. अमरावतीत दह्यात बुडवलेला गिला वडा खाऊन आम्ही चांदूर बाजारची एसटी धरली. हिवाळ्यात जा, संत्र्याच्या बागा लगडलेल्या असतात. वैशाली मात्र मांडीवरचा पुस्तकाचा खोका धरून खालीच बघत होती. याच रस्त्यावर, पुलाजवळच्या वळणावर, तिचा धाकटा भाऊ निखिल अपघातात गेला. मोटारसायकलवर अमरावतीला क्लासला निघाला होता. तेव्हापासून बाबा लांबच्या रस्त्याने अमरावतीला जातात.

घरी भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी झाली. मग तिने पुस्तक बाबांपुढे ठेवलं. बाबा एकेक घडी उलगडू लागले. घरासमोरचं फाटक उभं राहिलं, मग बाजार, मग बागा. मोटारसायकलवर कागदाचा एवढासा मुलगा.

"हा आपलाच रस्ता व्हय ना?"

"हो, बाबा."

"इथं तो पेट्रोल भरे."

पूल आला. बाबांचा हात थांबला. वैशाली भिंतीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी पुढची घडी उघडली. वळणानंतरही रस्ता होता. अमरावतीची गर्दी, क्लासचा जिना, आणि वर खिडकीशी बसलेला निखिल.

"पोचवलं व तुनं त्याले," बाबा म्हणाले. मग डोळ्यांना उपरणं लावलं. "हे अकोल्याले नको नेऊ. घरीच राहू दे."

वर्षभराचं काम होतं. वैशालीने मान डोलावली.

अकोल्यात तिचं टेबल रिकामं राहिलं. कुणी विचारलं तर ती "पूर्ण झालं नाही," एवढंच सांगायची.

फोटो मागू नका, मी काढले नाहीत. घरी येऊन महिना झाला, पण माझं स्वतःचं पुस्तक मला आता नुसतं देखणं वाटतं. परवा वैशालीचा फोन होता. बाबा अजूनही त्या रस्त्याने जात नाहीत. पुस्तक मात्र रोज दुपारी उघडतात, फाटकापासून, सावकाश. पुलाशी अजून थांबतात.