वांग्याच्या काळ्या फोडी

नातीनं वांगी चिरून ताटात ठेवली आणि फोनवर बोलत बसली. फोडी काळ्या पडल्या. शेतकीत शिकते ती. म्हणाली, "आबा, वांग्यात तुरट रस असतो. कापलं की हवा लागून तो काळा होतो. जखमेतून कीड शिरू नये म्हणून झाडाची ती तजवीज." असेल.

तिची आजी फोडी मिठाच्या पाण्यात टाकायची. एकदाच विसरली. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, आमची पलटण मोडली, त्या दुपारी मी वर्दी जमा करून घरी आलो. ती विळीवर बसली होती.

"नव्या फौजेत घेतलं ना?"

"नाही."

"मग दक्षिणेत आपल्या मूळ गावी जायचं?"

"कुठलं गाव? पाच पिढ्या इथंच मेल्या."

ती कोरड्या ताटात चिरत राहिली. म्हटलं, "पाण्यात टाक, काळी पडताहेत."

"पडू देत."

मला वाटलं, नोकरी गेली म्हणून रुसली. तिला दिवस गेले होते. त्या दुपारी ती ते सांगणार होती. पुढं मी स्टेशनाजवळच्या पडाव भागात काम शोधत हिंडत असताना ते पोटातलं पोर पडलं. मला म्हणाली, अंग दुखतंय.

खरं काय ते तिनं गेल्या थंडीत सांगितलं, जायच्या आधी, अंथरुणावर. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस?

म्हणाली, "एका दुपारी किती ऐकलं असतं तुम्ही?"