पिस्ता रंगाची भीत

"कोनी लावा हाऊ रंग? बठ्ठी भीत मारी टाकी तुम्ही!"

नाना एवढ्या जोरात ओरडले, की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट अमळनेरला जाऊन बसली. नाना म्हणजे शिरपूरकडचे चुन्याचे गवंडी. जळगावच्या जुन्या बाजारातली आमची दुमजली इमारत सावरायला मालकाने त्यांना आणलेलं. आणि रंग लावणारा मी. तळमजल्यावर भांड्यांचं दुकान माझं, आजोबांपासूनचं.

इमारत काय सांगू! कापसाचे व्यापारी गाद्या टाकून बसायचे तेव्हाची. भिंत एवढी जाड, की आजोबांनी ठोकलेला खिळा अजून वाटेतच आहे, पलीकडे पोचलेला नाही. उन्हाळ्यात पहूरच्या पाली गारव्याला आमच्याकडे यायच्या, एसटीने. पण गेल्या पावसाळ्यात दर्शनी भिंतीला पोट सुटलं आणि दारावर 'धोकादायक'चा कागद चिकटला. सरकारी इंजिनीअर म्हणाले, दुरुस्ती करा. दिवाळीनंतर बघतो. भिंत पक्की असेल तर राहा, नाहीतर दुकान खाली करा.

तेव्हापासून मी धूळच खातोय. नानांनी चुन्यात गूळ घातला, बेलफळाचं पाणी घातलं, महिनाभर मुरवला आणि थापीने ठोकून ठोकून गिलावा केला. गावी जाताना बजावून गेले, "भितले आते हात लावू नका."

पण लक्ष्मीपूजन आलं. नुसत्या गिलाव्यापुढे पूजा मांडायची? आमच्या दुकानात दर दिवाळीला ऑइलपेंटचा एक हात ठरलेला. यंदा नवी भिंत म्हणून मी दोन दिले. पिस्ता रंगाचे. सगळ्या बाजाराने वाहवा केली.

नाना गावाहून परतले, तोवर त्या पिस्त्यावर पापडासारखे फुगे आले होते. नानांनी एक फोडला. रंगाखाली कोंडलेलं पाणी ओघळलं.

"चुना जित्ता शे. त्याले श्वास लागस," ते हळू म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग आठ दिवस आम्ही दोघं खरडत होतो. माझा उजवा हात गुडघ्याखाली लोंबायला लागला. जेवणात पिस्ता, थुंकीत पिस्ता. नाना माझ्याशी एकच शब्द बोलायचे, "हळू."

नवव्या दिवशी इंजिनीअर आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि इमारतीचा सगळा इतिहास ऐकवला. खिळा सांगितला, पाली सांगितल्या, माझ्याकडून दोन हत्तीही बांधले त्या भिंतीला. नाना खाली मान घालून थापी पुसत होते. शेवटी माझंच तोंड थकलं. म्हटलं, "साहेब, आता तुम्हीच सांगा, अशी भिंत पडेल का?"

त्यांनी तळहात भिंतीला लावला, रुमालाने पुसला.

"ओली आहे. महिन्याने येतो. तोवर दुकान बंद ठेवा."