बायकोच्या धोबिणी

लग्नानंतर मी लिक्सलिपच्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागलो आणि बायको पुण्यातली इतिहासाची प्राध्यापकी सोडून माझ्यामागे आयर्लंडला आली. दोन वर्षं ती घरीच होती. मग मुलगी झाली, आणि ती पाळणाघरात जायला लागल्यावर हिनं डब्लिनला पीएचडी धरली. विषय होता, गुलामी संपल्यानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवणाऱ्या काळ्या बायका.

"पुण्याच्या पोरीला हे कुठून सुचलं?" मी विचारलं.

"एकजूट करून त्यांनी धुलाईचे दर वाढवून मागितले होते, माहितेय तुला?"

तेव्हापासून त्या धोबिणी आमच्या जेवणाच्या टेबलावरच येऊन बसल्या. साबण कसा उकळायच्या, गठ्ठे कसे वाहायच्या, पोरांजवळ राहता यावं म्हणून मालकिणीच्या घरी राबण्यापेक्षा स्वतःच्या अंगणातच धुणं कसं पसंत करायच्या. सांगताना हिचा चेहरा उजळायचा. माझा दिवस कसा गेला विचारलं, तर माझं एका वाक्यात संपायचं. मशीन बंद पडलं, मशीन चालू झालं.

पीएचडी झाली, तासिकांवर शिकवणं सुरू झालं. एका शनिवारी किलकेनीच्या वाचनालयात तिचं व्याख्यान होतं. मी गाडी चालवत दोघींना घेऊन गेलो. खुर्च्या भरल्या होत्या. व्याख्यान संपल्यावर एक म्हातारी पुढे आली. तिची आजी एका बड्या घराचे कपडे धुवायची म्हणे. त्या म्हातारीचे हात हातात घेऊन बायको कितीतरी वेळ ऐकत राहिली. माझं बोलणं इतकं तिनं शेवटचं कधी ऐकलं होतं, मला आठवेना.

"तुम्हीपण इतिहासातले का?" चहा ओतणाऱ्या गृहस्थानं मला विचारलं.

"नाही, मी ड्रायव्हर." तो हसला. बायकोनं मात्र वळून पाहिलं.

परतताना मुलगी मागे झोपल्यावर ती म्हणाली, "ड्रायव्हर का म्हणालास?"

"गंमत केली."

"गंमत नव्हती ती."

थोडं अंतर गेल्यावर मी म्हणालो, "जळतो मी तुझ्यावर. तुझ्या त्या बायकांवरसुद्धा."

मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "घरी होते तोवर मीपण जळायचे. सकाळी गळ्यात कार्ड अडकवून तू निघालास की खिडकीत उभी राहून शिव्या द्यायचे."

"मग कधी थांबलं?"

"माझं काम मिळालं तेव्हा."

म्हणजे माझं थांबणार नव्हतं. काम तर मला पहिल्यापासूनच होतं.

या वर्षी तिला विद्यापीठात कायमची जागा मिळाली. तिचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या कँटीनमध्ये होतो. आनंदानं ओरडलो, शेजारचे दचकले, आणि ओरडतानाच पुन्हा जळलोही.

संध्याकाळी सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. लेकीचं कौतुक करून झाल्यावर ते मला म्हणाले, "जावईबापू, हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही तिला शिकू दिलंत."

बायको समोरच होती. नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "हो बाबा." आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, कपाट उघडलं आणि केकसाठी बशा काढल्या.