दाजींचं आभारप्रदर्शन

जालना शहरात हिवाळ्यातला कोणताही कार्यक्रम पाहुणे आले की सुरू व्हायचा, पण संपायचा मात्र आमचे थोरले साडू संपवतील तेव्हाच. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दिवाळीनंतर थंडी पडली की गावात व्याख्यानं, गाण्याच्या संध्याकाळी, कवींच्या बैठका सुरू होतात आणि रविवारी लोक हुरड्याला रानात जातात. या सगळीकडे शेवटचं काम दाजींचं, आभारप्रदर्शनाचं. वक्ता कितीही बोलका असो, दाजी त्याच्यापेक्षा दोन-चार मिनिटं जास्तच घ्यायचे.

दाजींनी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत केली. पोत्यांवर लेबलं बरोबर लागली की नाही, हे बघायचं त्यांचं काम. "लेबल चुकलं की कुणाच्या तरी रानात भलतंच उगवतं," असं ते म्हणत, आणि माणसांच्या नावांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासूनच ते सभागृहात हजर. गळ्याला मफलर, खिशात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. सतरंज्या अंथरणारे, माइक लावणारा, चहावाला, पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, एकेकाला गाठून विचारायचे, "नाव बराबर सांगा, वडलांच्या नावासकट." माइकवाला पहिल्या वर्षी घाबरलाच. त्याला वाटलं, आपली तक्रार झाली. एकदा वीज गेली नाही म्हणून दाजींनी लाइनमनचं नाव घेऊन आभार मानले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत वीज गेली. दाजी थांबले नाहीत. उरलेली नऊ नावं त्यांनी काळोखातच, तोंडपाठ, खड्या आवाजात म्हटली. वाट दिसत नसल्यानं कुणाला उठून जाता आलं नाही. शेवटपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं ते त्यांचं एकमेव आभारप्रदर्शन.

हुरड्याला तर कहरच. तीर्थपुरीजवळ त्यांच्या चुलतभावाचं रान आहे. आगटीतून कणसं निघाली, चोळून गरम हुरडा ताटात पडला, की दाजी उभे राहायचे. ज्वारी पेरणाऱ्यापासून गोवऱ्या पेटवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन ते बैलांपाशी यायचे. अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, शांतपणे म्हणायच्या, "हुरडा निवून राह्यलाय. बैलायला राग न्हाई येणार, बसा." दाजी दोन्ही बैलांची नावं घेऊन मगच बसायचे.

दोन वर्षांपूर्वी, हे कार्यक्रम भरवणाऱ्या आमच्या मंडळात नवी मंडळी आली. मी चिटणीस होतो. आभार सुरू झाले की खुर्च्या रिकाम्या होतात, पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही, असं बैठकीत निघालं, आणि ते खोटं नव्हतं. निवेदिकेनंच एका वाक्यात आभार मानायचे असं ठरलं. दाजींना सांगायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. हाताशी चार दिवस होते. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, चहा प्यायलो, थंडी किती वाढली यावर बोललो आणि परत आलो.

गाण्याची संध्याकाळ होती. भैरवी संपली, टाळ्या झाल्या, आणि दाजी नेहमीसारखे उठून व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागले. कार्डं हातात होती. ते तिसऱ्या पायरीवर असताना निवेदिका म्हणाली, "सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून कार्यक्रम संपल्याचं जाहीर करते." पडदा सरकला. लोक उठले. दाजी एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांनी कार्डं सारखी करून खिशात ठेवली आणि कठडा धरून हळूहळू खाली उतरले. मी हे सगळं पाहत होतो. पुढे होऊन त्यांना हात द्यायला हवा होता. मी पाहुण्यांचे हार गोळा करत बसलो.

सभागृह रिकामं झाल्यावर मी त्यांना शोधू लागलो. ते मागे सापडले, सतरंज्यांची घडी घालणाऱ्यांपाशी. एक टोक स्वतः धरलं होतं आणि समोरच्याला सांगत होते, "स्टेजवर तुमचं नाव घ्यायचं राह्यलं. म्हणून हितं घेऊन राह्यलो." आणि मग त्याचं नाव, वडलांच्या नावासकट. तो माणूस संकोचून हसला. दाजी हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. ते उन्हात बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठरलं ते बराबरच ठरलं. लोक उठून जाते, मला काय दिसत न्हाई का? पन तुम्ही आधी सांगितलं असतं, तर मी पायऱ्या चढलो नसतो." एवढंच. अक्कांनी चहा आणला, तो मी कसाबसा प्यायलो.

त्या जानेवारीत आम्ही हुरड्याला गेलो. दाजी आले, सतरंजीवर बसले, पण उभे राहिले नाहीत. हुरडा गरम होता आणि कुणालाच तो जात नव्हता. शेवटी मीच उठलो. चार नावं कशीबशी घेतली आणि आगटीशी बसलेल्या बाईंपाशी अडलो. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी दाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला नका इचारू. तिलाच इचारा."

मी विचारलं. बाईंनी पदर सावरला. "कौसाबाई. कशाला पायजे?"

"लागतं," दाजी म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यापासून मंडळात आभार मी मानतो. नव्या मंडळींशी भांडून तेवढी पाच मिनिटं मिळवली. दाजींना पुन्हा पुन्हा बोलावलं, पण ते गुडघ्याचं कारण सांगतात. कार्यक्रमाला मात्र येतात. मागच्या रांगेत बसतात आणि मी बोलू लागलो की उठून जाणाऱ्यांना वाट देण्यासाठी पाय आत घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "काल तुम्ही तबल्यावाल्याच्या वडलांचं नाव चुकलात. मंग पुढच्या टायमाला बघा." मी चूक कबूल करतो, ते बरं म्हणतात, आणि मग अक्का कशा आहेत, थंडी किती आहे, असं थोडं बोलणं होतं.

परवाच्या कार्यक्रमासाठी मी दुपारीच सभागृहात गेलो होतो. एकेकाला गाठून विचारलं, लिहून घेतलं, घरी दोनदा वाचून पाहिलं. एकही नाव चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली.