आयरिशची सूट

मला सल्ला द्यायची भारी खोड आहे. कुणी नुसतं "बघू या" म्हणालं की माझा हात लॅपटॉपकडे जातो. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर शिंकायची सोय नाही, लगेच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेशील. ब्राझीलहून आलेल्या कुटुंबांना मुलांच्या शिक्षणासाठी मदत हवी आहे म्हणून आमच्या कॉम्प्युटर कंपनीच्या ऑफिसात स्वयंसेवकांची यादी फिरली, तेव्हा पहिलं नाव माझंच होतं हे सांगायला नको.

शनिवारी सकाळी आयर्लंडमधल्या आमच्या नास गावच्या लायब्ररीतलं मागचं लांब टेबल आमचं. बहुतेकांचे वडील मांसाच्या कारखान्यात, आया साफसफाईच्या कामाला. मुलं बारा-तेरा वर्षांची, आणि कॉलेजात जायचं तर कुठला विषय कधी धरायचा, कधी सोडायचा, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. म्हणजे वेबसाइटवरून पाठ केलं होतं, आणि उरलेलं पुण्याहून घेऊन आले होते.

पहिल्याच महिन्यात एक आई दोन मुलींना घेऊन आली. थोरली नुकतीच बारा पूर्ण करून इथल्या सेकंडरी शाळेत दाखल झालेली, धाकटी पाच वर्षांची. आई हॉस्पिटलात फरशा पुसायची. तिचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे माझं बोलणं थोरली पोर्तुगीजमध्ये सांगायची आणि आईचं मला. आईचं म्हणणं एवढंच होतं की आम्ही नवराबायको शिकलो नाही, हिनं कॉलेजात जायलाच हवं. तुम्ही सांगाल ते करू, असंही ती म्हणाली. मला तेवढंच पुरे होतं.

मी मुलीचं वेळापत्रक मागितलं. आठवड्यात चांगले तीन-चार तास आयरिश. मी कपाळाला हात लावला. इथली पोरं ती भाषा पाचव्या वर्षापासून शिकतात, हिनं शून्यापासून सुरू करायची, आणि बाहेर रस्त्यावर तर सगळे इंग्रजीच बोलतात. वयाची बारा वर्षं झाल्यावर परदेशातून आलेल्या मुलांना आयरिशमधून सूट मिळते, हे मी वाचलं होतं. आम्ही आठवीत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं ते काही सुभाषितांच्या प्रेमापोटी नाही. मार्क पडतात म्हणून घेतलं. ज्यात मार्क नाहीत ते सोडायचं, हे आमच्या घरी चहासाखरेइतकं साधं होतं.

मुलगी म्हणाली, मला आयरिशचा तास आवडतो.

"आवडीचं मग बघू," मी म्हटलं. "आयरिशचा उपयोग काय? त्या वेळात गणित कर."

तिनं हे आईला जसंच्या तसं सांगितलं, तिच्या स्वभावाप्रमाणे एक शब्दही न गाळता. मुख्याध्यापकांच्या नावानं आयरिशमधून सूट मागणारा अर्ज मी दहा मिनिटांत टाइप केला, लायब्ररीच्याच प्रिंटरवर काढला. आईनं त्यावर सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली.

त्या सकाळचं आणखी एक मला लख्ख आठवतं आणि तेच जास्त जाळतं. मी टाइप करत होते तेव्हा थोरली धाकटीला घेऊन मुलांच्या पुस्तकांच्या कप्प्यापाशी खाली बसली होती. धाकटीच्या शाळेतलं आयरिश शब्दांचं चित्रपुस्तक उघडलेलं. मांजर, पाऊस, दार. थोरली चित्रावर बोट ठेवायची आणि थांबायची. धाकटीला शब्द आठवेपर्यंत नुसती थांबायची, सुचवायची नाही. मला वाटलं, किती गोड खेळतायत. मी टाइप करत राहिले.

पुढची अडीच वर्षं सगळं ग्रँड, इथले लोक म्हणतात तसं. थोरलीचं गणित झपाट्यानं सुधारलं. डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या गणपतीत मी दहा जणांना तिचं कौतुक सांगितलं, म्हणजे माझंच. घरी माझी स्वतःची मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते, त्यावर मी रोज आदळआपट करते. आपली भाषा अशी सोडायची नसते म्हणून तिला सुनावते. त्या अर्जाची आठवण मला तेव्हा एकदाही झाली नाही.

यंदा फेब्रुवारीत मी टेबलावरच्या प्रत्येकाला कागद दिला आणि पुढे काय व्हायचंय ते लिहायला सांगितलं. थोरलीनं लिहिलं, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी खूश होऊन तिच्यासमोरच त्या कोर्सची माहिती उघडली. प्रवेशाच्या अटींत पहिलीच अट आयरिशची. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत आयरिश हवं, तेही वरच्या पातळीचं. इथल्या प्राथमिक शाळेत मास्तरांना सगळ्या वर्गाला आयरिश शिकवावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला सुचलं नव्हतं.

मी काहीबाही बोलू लागले, शिकवणी लावू, उन्हाळ्यात आयरिशच्या शिबिराला जाऊ, मी शाळेत फोन करते. तिनं मला बोलू दिलं. मग शांतपणे सांगितलं की तिला हे वर्षभरापूर्वीच कळलंय. ती स्वतः शाळेत विचारून आली होती. वर्ग फार पुढे गेलाय, वरच्या पातळीला आता जमणार नाही, असं बाईंनी प्रेमानंच सांगितलं होतं. घरी धाकटीच्या पुस्तकांवरून तिनं काही महिने करूनही पाहिलं. आता धाकटीच तिच्या चुका काढते.

मी म्हटलं, चूक माझी आहे, मी तुझ्या आईला आजच सांगते.

तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. "आईला सांगू नका," ती म्हणाली. "सही तिची आहे."

बारा वाजता आई दोघी बहिणींना न्यायला आली, कामाच्या कपड्यांतच. माझ्यासाठी दर वेळी आणते तसा कंडेन्स्ड मिल्कच्या चॉकलेटी लाडवांचा डबा आणला होता. आज काय ठरलं, असं तिनं मुलीला विचारलं, ते मलाही चेहऱ्यावरून समजलं. मुलगी एक-दोन शब्दच बोलली. त्यातला 'कॉम्प्युटर' मला कळला, आणि माझ्याकडे केलेलं बोट.

आईचे डोळे भरून आले. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुमच्यासारखी होणार."

तिच्या खांद्यावरून मला मुलगी दिसत होती. तिनं मघाचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि धाकटीला जॅकेटची चेन लावून दिली. आई डबा उघडून उभी होती. मी एक लाडू घेतला आणि तिच्यासमोर सगळा खाल्ला.